टाचणीबाईंचा चौदावा प्रसंग

टाचणीबाईंना खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. तोंडात सदा दोन-तीन टाचण्या धरलेल्या, म्हणून टाचणीबाई. त्या टाचण्यांच्या फटीतूनच त्या बोलायच्या, हसायच्या, आणि वेळ आली की समोरच्याची अशी हजेरी घ्यायच्या की बिचाऱ्याला शब्दांपेक्षा टाचणी अंगावर येण्याचीच भीती वाटायची. एकदाही आली नाही, हे बाईंचं कसब. वय एकसष्ट, अंगानं बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि टीव्हीच्या त्या जुनाट स्टुडिओतला कपडेपट गेली बावीस वर्षं एकहाती सांभाळलेला. नट येतात, नट जातात, शर्ट राहतो, असं त्या म्हणायच्या. आणि राहायचा हो, त्यांच्याकडे सत्तावीस कपाटं शर्ट होते.

त्या वेळी स्टुडिओत जी मालिका चालली होती ती सगळी म्हणींची. दर आठवड्याला एक म्हण, तिच्यावर एक वेगळी गोष्ट, चाळीस मिनिटांत खेळ खलास. नट दर वेळी नवे, कॅमेऱ्यामागची माणसं तीच. शेवटी पडदा काळा व्हायचा, मोठ्या अक्षरांत म्हण यायची, एक घोगरा आवाज ती वाचायचा, आणि शेजाऱ्याचेच वाभाडे निघाल्यासारखे खूश होऊन लोक जेवायला उठायचे. लोकांना म्हणी आवडतात. का आवडू नयेत? म्हण नेहमी दुसऱ्यालाच लागू पडते.

दिग्दर्शकांना सगळे पुढेसाहेब म्हणत, कारण शॉट संपला रे संपला की ते "पुढे!" म्हणून ओरडायचे. त्यांच्या सेटवर एक रिवाज होता. कॅमेरा सुरू करण्याआधी ते एकेका खात्याला हाक मारायचे. "उजेड?" "ठीक." "आवाज?" "ठीक." "रंग?" "ठीक." "कपडे?" "ठीक." चार ठीक आले की मगच पुढचं. हा रिवाज पडला तो 'चोराच्या उलट्या बोंबा' या भागानंतर. त्यात चोर खिडकीतून उडी मारतो चौकटीच्या शर्टात आणि खाली रस्त्यावर पडतो पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात. खिडकीचा प्रसंग घेतला सोमवारी, रस्त्याचा शुक्रवारी, आणि नेमक्या त्या शुक्रवारी बाई तापानं झोपलेल्या. लोकांनी फोन करकरून विचारलं, हवेत शर्ट बदलायची युक्ती आम्हालाही सांगा, सकाळी कामावर जायला फार उशीर होतो. पुढेसाहेबांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून कपडेपटाच्या 'ठीक'शिवाय त्यांनी कॅमेरा म्हणून हलवला नाही.

बाईंना एक मुलगी, अडतीस वर्षांची. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात काम करायची. हुशार, चार माणसांत उठून दिसेल अशी, पण स्वभाव असा की कुणी पायावर पाय दिला तर हीच माफी मागेल. तिच्यामागून लागलेल्या दोघीजणी वरच्या जागेवर जाऊन बसल्या आणि ही आहे तिथेच. बाई चिडल्या की म्हणायची, "असू दे गं आई." या 'असू दे'नं बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या पोटी ही गोगलगाय आली कुठून, असं त्या रंगोबांना विचारायच्या. रंगोबा म्हणजे रंगपटातले म्हातारे, माणसांची तोंडं रंगवणारे, बाईंचे चहाचे सोबती. पण म्हणींची मालिका मात्र मुलगी चुकवायची नाही. दर बुधवारी संध्याकाळी आठच्या ठोक्याला आईकडे हजर. पाय पोटाशी घेऊन बघायची आणि म्हणायची, "हे बटण तू लावलंयस, हो ना?" बाईंना त्या एका वाक्यात आठवडाभराची मजुरी मिळायची.

आता लेखकाकडे येऊ. तिशीतला, मऊ बोलणारा, दाढीवाला. स्टुडिओभर सगळ्यांना काका-मावशी करत हिंडायचा आणि चहाच्या एका पेल्यावर माणसाच्या पोटातलं सगळं काढून घ्यायचा. एका दुपारी वीज गेली. दोन तास काम बंद. कपडेपटात हा येऊन बसला, "मावशी, तुमचं काही सांगा ना," म्हणाला, आणि बाईंनी टाचण्या तोंडातून काढून उशीला टोचल्या. तिथेच चुकलं.

बाईंनी सांगितलं ते असं. नवऱ्याचं कापडाचं दुकान, वर दुमजली घर, कशाला म्हणून कमी नाही. दुकानात विकायचे कपडे मागच्या खोलीत बाईच शिवायच्या. मशिन त्यांच्या आईनं दिलेलं. नवऱ्यानं कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. फक्त दुकान बंद करून वर आला की मशिनची सुई काढायचा आणि खिशात टाकायचा. सकाळी दुकानाचं काम पुढ्यात ठेवून परत लावून द्यायचा. शेजारणीच्या बाळाचं झबलं शिवायचं तरी त्याला विचारायचं. एकदा बाईंनी गुपचूप दुसरी सुई आणली. तो ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी तीही त्याच्या खिशात. अशी सात वर्षं. एका सकाळी बाईंनी सहा वर्षांच्या पोरीचा हात धरला आणि घर सोडलं. भावाच्या दारात गेल्या. भाऊ म्हणाला, "दैव देतं आणि कर्म नेतं." मग आत घेतलं, नाही असं नाही. पण ती म्हण त्यानं तीन वर्षं रोज ताटाच्या कडेला वाढली.

"आणि मग?" लेखकानं विचारलं.

"मग काय! त्या घराकडे मी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही," बाई म्हणाल्या.

यातलं शेवटचं वाक्य पुरतं खरं नव्हतं. ते बाईंना ठाऊक होतं, आणि फक्त बाईंनाच ठाऊक होतं.

दीड महिन्यानं नव्या भागाची यादी कपडेपटात आली. कपडेपटाला गोष्ट कुणी देत नाही, यादी देतात. कुठल्या प्रसंगात कोण, वय किती, अंगावर काय. बाई इस्त्री तापत ठेवून वाचायला लागल्या. प्रसंग तीन: नवरा शिवणयंत्राची सुई काढून खिशात ठेवतो, साधा सदरा, खिसा दिसला पाहिजे. बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. प्रसंग सात: भाऊ दारात. आणि सर्वांत शेवटी, प्रसंग चौदा: तीन वर्षांनंतर. नायिका परत येते. अंगावर विटका, कोपरावर फाटलेला कोट. नवऱ्याच्या दाराशी गुडघे टेकते. दार बंद. शेजारीण सांगते, तो वारला. ती पायरीवर डोकं ठेवून रडते. वर भागाचं नाव: दैव देतं आणि कर्म नेतं.

इस्त्रीखालचा रुमाल जळून धूर निघाला तेव्हा रंगोबा धावत आले.

बाई थेट लेखकाच्या खोलीत. दार ढकललं ते भिंतीवर आपटलं. "काय रे, माझ्याच चहात माझीच गोष्ट बुडवून खाल्लीस?"

लेखक उठून उभा राहिला. "मावशी, बसा ना. अहो, प्रेरणा घेतली फक्त. तुमचं नाव कुठंच नाही."

"नाव नाहीच मला इथं. सुई आहे ना माझी?"

"पण ती किती सुंदर झालीय बघा!" त्याचे डोळे खरंच चमकले. "शेवटी कळतं, नवरा सुई का काढायचा. तिनं रात्रंदिवस शिवून डोळे खराब करून घेऊ नयेत म्हणून! त्याचं प्रेम होतं ते. तिला कळलंच नाही. हातात होतं ते तिनं घालवलं. लोक ढसाढसा रडतील मावशी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या डोळ्यांची काळजी होती ना, तर मोठा दिवा आणला असता मेल्यानं! सुई कशाला खिशात घातली?"

लेखक टेबलावरचे कागद सारखे करू लागला. मग तो हळूच म्हणाला, "मावशी, म्हणीला शेवट लागतो. बाई घर सोडून गेली आणि बरं चाललं, याची म्हण कुठाय?"

बाई पुढेसाहेबांकडे गेल्या. ते फोनवर होते. निम्मं ऐकून म्हणाले, "बाई, गोष्ट लेखकाची, कपडे तुमचे. पुढे!"

त्या दिवशी बाई घरी पायी गेल्या. लोकांचं त्यांना काही वाटत नव्हतं. लोक काय, सिनेमातला राजा मेला तरी रडतात आणि बाहेर येऊन भजी शोधतात. त्यांना दिसत होती ती बुधवारची संध्याकाळ आणि शेजारी पाय पोटाशी घेऊन बसलेली पोरगी. सुई बघितली की तिला एका क्षणात कळणार, ही गोष्ट आपल्या आईची. मग ती आपल्या आईला पायरीवर डोकं आपटताना बघणार. बाप बिचारा देवमाणूस आणि आई करंटी, असं मोठ्या अक्षरांत वाचणार. आणि मग म्हणणार काय? असू दे गं आई. बाईंनी रस्त्यातच मान झटकली. नाही. शेंडी तुटो की पारंबी तुटो, ते पोरीला बघू द्यायचं नाही.

टीव्हीवाल्यांची एक तऱ्हा असते. शेवट आधी घेतात आणि सुरुवात मागून. जागा मिळेल तसं. दुमजली घर एकाच दिवसासाठी मिळालं होतं, घरमालक सहकुटुंब संध्याकाळी सहाला परतणार होता, म्हणून पहिल्या दिवशी आधी प्रसंग तीन आणि लगेच प्रसंग चौदा. म्हणजे नायिकेला घर सोडायच्या आधीच पश्चात्ताप.

कोट विटका करायचं काम कपडेपटाचं. नवा कोट आणायचा, चहाच्या पाण्यात बुडवायचा, कोपरावर दगड घासायचा, एक बटण तोडून दोऱ्यावर लोंबतं ठेवायचं. या कामात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन तासांत त्या राजपुत्राला भणंग करायच्या. सोमवारी संध्याकाळी त्यांनी करड्या रंगाचा कोट टेबलावर पसरला, दगड हातात घेतला आणि पाऊण तास तशाच बसून राहिल्या. मग दगड खाली ठेवला, इस्त्री लावली आणि कॉलर दोन्ही बाजूंनी कडक करून टाकली.

मंगळवारी सुईचा प्रसंग दुपारी तीनपर्यंत आटोपला. मग सगळा लवाजमा घराबाहेर, दाराशी. नायिकेचं काम करणारी बाई पस्तिशीची, शांत, मोठ्या पडद्यावर फारशी न दिसलेली. कोट घालून ती पायरीजवळ उभी राहिली. पुढेसाहेब कॅमेऱ्यामागून ओरडले.

"उजेड?"

"ठीक."

"आवाज?"

"ठीक."

"रंग?"

"ठीक," रंगोबा म्हणाले.

"कपडे?"

कुणी बोललं नाही.

"कपडे?"

बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "ठीक नाहीत."

पुढेसाहेबांनी मान बाहेर काढली. कोटाकडे बघितलं. "अहो, हा तर नवा कोरा! यादीत विटका लिहिलाय ना?"

"लिहिलाय. लिहिणाऱ्याला माहीत नाही म्हणून लिहिलाय. ज्या दारात हात पसरायचा असतो ना साहेब, तिथे बाई फाटकं घालून जात नाही. असेल नसेल ते चांगलं घालून जाते. आदल्या दिवशी इस्त्री मागून आणते. विटका कोट घालून आणि गुडघे टेकून ही बाई त्या दारात जाणार असेल, तर कपडे ठीक नाहीत. मी ठीक म्हणणार नाही."

 वायर गुंडाळणारा वायर हातात धरून उभा. पुढेसाहेब लाल झाले. "बाई, सहाला हे घर जाणार. ठीक म्हणा."

"नाही म्हणत."

"ठीक म्हणा, नाहीतर उद्यापासून यायचं नाही."

"उद्याचं उद्या. आज कपडे ठीक नाहीत."

"रंगोबा! तुम्ही म्हणा, कपडे ठीक."

रंगोबांनी ब्रश खिशात खोचला. बावीस वर्षांचा चहा त्यांच्या पोटात होता. "मी रंगाचं सांगतो साहेब. रंग ठीक आहे. कपड्यांचं कपडेपट सांगेल." पुढेसाहेबांनी उजेडवाल्याकडे पाहिलं, तो आभाळाकडे बघायला लागला. आवाजवाल्याकडे पाहिलं, त्यानं कानावर यंत्र चढवून घेतलं. रिवाज साहेबांनीच पाडलेला. आता तो मोडायचा तर स्वतःच्याच हातानं, आणि हवेत शर्ट बदलणारा चोर अजून कुणी विसरलं नव्हतं.

"तुम्हाला इतकं कसं माहीत हो, ती बाई काय घालून गेली?" साहेबांनी शेवटी विचारलं.

"कारण ती बाई मी आहे."

लेखक मागून पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "पण मावशी, तुम्ही तर म्हणालात, मागं वळून पाहिलं नाही. तुम्ही परत गेला होतात?"

आता बघा, इथे बाईंना सुटायला सोपं होतं. नाही म्हणायचं. कोण तपासायला जाणार होतं? नाही म्हटलं असतं तर प्रसंग चौदा मुळासकट उपटला गेला असता आणि बाईंचा ताठ कणा तसाच ताठ राहिला असता. एकोणतीस वर्षं त्या हेच नाही घेऊन जगल्या होत्या. पण खोट्या गोष्टीशी भांडायला आपणही खोटंच घेऊन उभं राहायचं, हे बाईंना गिळवेना. त्यांनी नायिकेकडे पाहिलं, त्या कडक कॉलरकडे पाहिलं.

"गेले होते," त्या म्हणाल्या. "हात पसरायलाच गेले होते. ऐकायचंय? मग नीट ऐका, परत सांगणार नाही."

आणि त्यांनी सांगितलं. भावाकडे तीन वर्षं काढली. वहिनीच्या डोळ्यांत आमचं जेवण सलायचं. पोरगी मामेभावाचे मोठे बूट कापूस कोंबून घालायची. एक दिवस तिनं विचारलं, आई, आपलं घर कुठलं? त्या दिवशी माझी हिंमत संपली. शेजारणीचा कोट मागून घेतला, इस्त्री केली, पोरीचा हात धरला आणि गेले. तिला गल्लीच्या कोपऱ्यावर उभं केलं, म्हटलं, मी हाक मारली की ये. चुकलं माझं, एवढे दोन शब्द वाटभर घोकत होते.

"दार त्यानंच उघडलं. वारला-बिरला काही नव्हता, चांगला टुणटुणीत होता. मला बघून रागावला नाही. हसला. मान मागं वळवली आणि आत त्याच्या आईला म्हणाला, 'सांगितलं नव्हतं? येईल म्हणून.' आणि मला वाट द्यायला बाजूला सरकला. बस्स, एवढंच. शिवी घातली असती ना साहेब, तर मी पाय धरले असते. खरं सांगते, धरले असते. पण ते 'येईल म्हणून' ऐकलं आणि माझे शब्दच बदलले. मी म्हटलं, मी यायला नाही आले. माझं मशिन न्यायला आलेय."

"मशिन?" पुढेसाहेब म्हणाले.

"आईनं दिलेलं, माझं. तो म्हणाला, उद्या बघू. मी म्हटलं, आत्ता. तो म्हणाला, तमाशा करू नकोस. मी म्हटलं, अजून सुरूसुद्धा नाही केला, करून दाखवू? समोरच्या दोन खिडक्या उघडल्या होत्या. शेवटी त्यानं ओढत आणून पायरीवर आदळलं. मी हातगाडीवाल्याला हाक मारली, दोघांनी मिळून वर चढवलं, आणि मी पाठ फिरवली. चार पावलं गेले असेन, मग मागं धाडकन दार लागलं." बाईंना दम लागला होता. "झालं. हा प्रसंग चौदा. यात कुठं गुडघे बसतात ते बसवा, मी लगेच ठीक म्हणते."

 नायिकाच आधी बोलली. "बरं झालं बाई. सकाळपासून मला कळतच नव्हतं, ती खाली का बसते ते."

पुढेसाहेबांनी घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. "दारात तो काय म्हणाला? शब्द न् शब्द सांगा." बाईंनी सांगितलं. "लेखक, उतरवून घ्या. प्रसंग तीनचं मशिन अजून आत आहे ना? बाहेर आणा. आणि त्या कोपऱ्यावरच्या फळवाल्याला विचारा, गाडी तासभर देतो का. दोन पेट्या फळं घेऊन टाका त्याची. पुढे!"

पाच वाजून वीस मिनिटांनी त्यांनी पुन्हा चारी खात्यांना हाका मारल्या आणि चारी 'ठीक' आले. एका टेकमध्ये झालं. सहाला घरमालक परतला तेव्हा सगळी मंडळी त्याच्या दारात फळं खात उभी होती.

नंतर वाहिनीवाल्यांनी कटकट केली. बाई घर सोडते, परत येते आणि मशिन घेऊन निघून जाते, मग बोध काय? तिला मिळालं काय? पुढेसाहेब म्हणाले, मशिन मिळालं की. शेवटी म्हण नाही, असं कसं? साहेब म्हणाले, म्हण आहे, भावाच्या तोंडी आहे, ज्याची त्याला लखलाभ. ती शेवटीच आली पाहिजे असं कुठल्या कागदावर लिहिलंय, दाखवा. कागद निघाला नाही. लेखकानं मात्र बाईंना एक कोरी वही आणून दिली आणि खाली मान घालून म्हणाला, "मावशी, तुमची गोष्ट आता तुम्हीच लिहा. माझी मी पुढच्या वेळी आधी वाचून दाखवीन." बाई म्हणाल्या, "दाखव. आणि चहा तू आण."

तो भाग लागायचा बुधवार आला. आता बाईंना दुसरीच भीती. पोरगी आईला पायरीवर रडताना बघणार नव्हती, हे खरं. पण आई हात पसरायला निघाली होती, हे तिला कळणारच. आठला पाच कमी असताना मुलगी आली, नेहमीसारखी पाय पोटाशी घेऊन बसली. प्रसंग तीनला तिनं आईकडे पाहिलं. भावाचं दार आलं तेव्हाही पाहिलं. चौदाव्या प्रसंगात नायिका ताठ कॉलरनं दाराशी उभी राहिली, दार उघडलं, "मी यायला नाही आले. माझं मशिन न्यायला आलेय," असं ती म्हणाली, आणि मुलीचे पाय हळूहळू जमिनीवर आले. पडदा काळा झाला. म्हण आली नाही.

"आई," ती म्हणाली. "असं झालं होतं?"

"असंच." बाई चष्मा पुसत होत्या. "मी हरून गेले होते गं तिथे, तुला कधी सांगितलं नाही."

"ते नाही. मशिन तू मागितलंस?"

"मग? तो काय आपणहून देणार होता?"

मुलगी त्यांच्याकडे वळली. "मला वाटत होतं त्यांनी फेकलं. मी कोपऱ्यावरून बघत होते ना. काही ऐकू येत नव्हतं. तू दारात उभी राहिलीस, मग त्यांनी मशिन बाहेर आदळलं, मग ते धाडकन दार. मला वाटलं, तू पाया पडलीस आणि त्यांनी आपल्याला सामानासकट हाकलून दिलं. मामाकडे पण सगळे तेच म्हणायचे, हाकललेली."

"आणि तू मला कधी विचारलं नाहीस?"

"तुला लाज वाटेल म्हणून." ती म्हणाली. "मी आपलं तेच धरून चालले. आपण हाकललेली माणसं. कुणी ठेवून घेतलंय एवढं खूप. ग्रंथालयातल्या साहेबापुढे उभी राहिले की अजून वाटतं गं, एक शब्द जास्त बोलले तर दार लागेल."

 इतके दिवस बाई एका खोट्या शेवटाशी भांडल्या. लेखकाशी भांडल्या, साहेबाशी भांडल्या, नोकरीवर पाणी सोडायला निघाल्या. आणि तोच शेवट त्यांच्या घरात, त्यांच्या पोरीच्या डोक्यात एकोणतीस वर्षं चालू होता. त्यांना रडू आलं आणि त्याच्यापेक्षा मोठा संताप आला, स्वतःचा, त्या गल्लीचा, लाजेचा. त्यांनी पोरीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"इकडे बघ माझ्याकडे. दार त्यानं लावलं, खरंय. पण कधी लावलं? मी पाठ फिरवल्यावर. चार पावलं गेल्यावर. तू मागचं पुढे आणि पुढचं मागे करून ठेवलंस, आणि चूक माझी, मी सांगितलं नाही. आधी मी निघाले. मग दार लागलं. नीट लक्षात घे, आधी काय आणि मग काय."

मुलीच्या गालावरून पाणी वाहत होतं. ती पुटपुटली, "आधी तू निघालीस."

"हं."

"मग दार लागलं."

"ऐकू नाही आलं मला. मोठ्यानं बोल."

"आधी आपण निघालो!" ती इतक्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावरच्यांनी पाय आपटला. "मग दार लागलं!"

"आपटू देत त्यांना पाय," बाई म्हणाल्या. "परत बोल."